आढीतली द्राक्षं

सामान बांधायला म्हणून रविवारी सगळे जमले, पण दुपारची जेवणं उरकली तरी एकाही खोक्याला चिकटपट्टी लागली नव्हती. कारण वनमालाने आढी उघडली होती.

आढी बाळच्या घरात दिवाणाखाली होती. लाकडी पेटी, तळाला भाताचं गवत, त्यावर द्राक्षांचे घड एकमेकांना धक्का लागणार नाही असे निजवलेले, वर पुन्हा गवत आणि सगळ्यावर गोणपाट. परुळेकरांनी मालवण सोडून मुलुंड धरल्याला दोन पिढ्या उलटल्या, तरी घरात फळ पिकवायची रीत एकच होती. पाड लागला की उतरवायचं, गवतात घालायचं, आणि वास सुटेपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही. हापूस असाच पिकतो, पायरी अशीच पिकते, चिकूही असाच पिकतो. द्राक्षाने वेगळं वागावं असं त्यात काय आहे, हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणाला पडला नव्हता.

"काय दिसतंय?" बाळने खुर्चीतूनच बायकोला विचारलं.

"हिरवी," वनमाला म्हणाली. "आणि सुकलीत. मनुका म्हणायचीसुद्धा सोय नाही."

कुंदा पॅसेजमध्ये उभी होती, भावाच्या उंबऱ्याच्या अलीकडे, आपल्या नेहमीच्या जागी. तिच्या घराचं दार तिच्या पाठीला होतं आणि त्याच्या घराचं तिच्या नाकासमोर. मध्ये दोन पायपुसणी मावतील एवढी जागा.

"वनमाला, त्याला विचार, पेटीला ऊन लागलं होतं का."

"अहो, अक्का विचारतात, पेटीला ऊन लागलं होतं का."

"तिला सांग, दिवाणाखाली ऊन येत नाही."

"दिवाणाखाली ऊन येत नाही, अक्का."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

"हे सांगू का त्यांना?"

"नको."

कुंदा आणि बाळ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. म्हणजे रोज बोलत होते, सकाळी दूध आल्यापासून रात्री कडी लावेपर्यंत, पण कुणाच्या तरी मार्फत. वनमाला नसली तर कुंदाचा मुलगा सुबोध, तो नसला तर बाळची नात गार्गी, आणि माणूसच नसलं तर जी वस्तू हाताशी असेल ती. एकदा कुंदाच्या गॅसवर दूध उतू चाललं होतं तेव्हा बाळ पॅसेजमधल्या केरसुणीला म्हणाला होता, "कुणाचं तरी दूध चाललंय बघ." कुंदाने गॅस बंद केला होता आणि केरसुणीकडे बघून मान हलवली होती.

सगळं सुरू झालं ते मागच्या अंगणातल्या कढीपत्त्यापासून. कुंदाने लावलेलं ते झाड बाळने सोसायटीचा सेक्रेटरी असताना तोडलं, कारण त्याला तिथे द्राक्षाच्या वेलीचा मांडव घालायचा होता. कारखान्यात त्याच्याबरोबर कामाला असलेल्या भीमराजने दिंडोरीहून कलम आणून दिलं होतं. काळं द्राक्ष आहे, म्हणाला होता. तोडलेल्या खोडाशी उभं राहून सगळ्या बिल्डिंगीसमोर कुंदा बोलली, ते बोलली. वेल मांडवावर चढली, तेव्हापासून दर हिवाळ्यात तिला घड लागत. बाळ रोज चष्मा पुसून त्यांचा रंग बघे. रंग धरत नाहीसं दिसलं आणि बुलबुलांनी एखादा मणी टोचला की घाईघाईने घड उतरवून आढीत घाली. दरवर्षी आढीतून हिरवं, सुरकुतलेलं, जीभ आखडेल इतकं आंबट असं काहीतरी निघे. कोल्ह्याची ती म्हण त्याच्या घरात कुणी काढायची नाही, असा दंडक होता.

आता मंगळवारी चाव्या बिल्डरच्या हवाली करायच्या होत्या. बाळचं बिऱ्हाड मुलगा सुयोगने बोरिवलीला ठरवलं होतं, कुंदाचं सुबोधने कांजूरमार्गला. वेल तर बुलडोझरच्या पहिल्या फेरीतच जाणार होती.

बाकीच्यांना पंख्यांची आणि गॅसजोडणीची काळजी होती. कुंदाला काळजी होती ती पॅसेजची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं लोकांचे कॉल जोडून दिले होते. फोन हे काय यंत्र आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत? फोनवर दोनच टोकं असतात. बोरिवलीला फोन लावला आणि बाळने उचलला, तर ती कुणाला म्हणणार, "त्याला सांग"? मंगळवारनंतर भावाशी बोलायची एवढीही सोय उरणार नव्हती. आणि शब्द मागे घ्यायचा तर परुळेकरांच्या बाईने तो कसा घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आज सकाळी, बाळ आंघोळीला गेलेला असताना, तिने एक गोष्ट केली होती.

"मामा," मागच्या दारातून सुबोधचा आवाज आला. "मामा, जरा बाहेर या. एक घड काळा पडलाय."

बाळ उठला तो चपलासुद्धा विसरला. वनमाला गवताचे हात तसेच घेऊन निघाली, तिच्यामागे गार्गी. कुंदा आपल्या घरातून फिरून, आपल्या मागच्या दाराने बाहेर आली. मांडवाच्या दोन बाजूंना दोन घरं उभी राहिली, वरपक्ष आणि वधूपक्षासारखी.

घड खरंच बदललेला होता. नीट काळा नव्हे. आमसुली, आणि तोही एका बाजूने जास्त. बाळने चष्मा कपाळावर ढकलला, नाक घडाला लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याच्या मानेची शीर उडताना कुंदाला दिसत होती. लाव नाक, ती मनात म्हणत होती, पण जीभ लावू नकोस.

त्याने जीभ लावली.

"आगळ आहे," तो म्हणाला. "कोकमाचं आगळ. मिठासकट."

मुंग्या घडाला वळसा घालून जात होत्या, त्यांनाही ते आधीच कळलेलं दिसत होतं.

"कोणी केलं हे?"

"आमच्याकडे तर सरबताचं असतं, साखरेचं," वनमाला चटकन म्हणाली. "मिठाचं आगळ अक्कांकडे."

"मामी, म्हणजे मी?" सुबोध म्हणाला. "माझा काय संबंध?"

"तुझाच संबंध. निरोप्याचं काम करून कंटाळलोय म्हणून तूच सांगत होतास ना मला, गणपतीत?"

"ते तर तुम्हीपण म्हणालात."

"मी कंटाळले म्हणाले. उठून द्राक्षं रंगवली नाहीत."

"आजी," गार्गी मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली, "मग हे काय आहे?"

ती पानं बाजूला करून उभी होती. तिथे दुसरा घड होता, टपोरा, काळाभोर, तेल लावल्यासारखा चकाकणारा. अशी द्राक्षं मुलुंडच्या मंडईत डब्यात भरून मिळतात. घडाचा देठ वेलीला हिरव्या दोऱ्याने बांधलेला होता, आणि गाठीवर ब्लाउजच्या हुकावर घालतात तसे उलटसुलट तीन टाके.

सगळ्यांनी वनमालाकडे पाहिलं. मुलुंड पूर्वेच्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हाताखालून गेले होते.

"मी आपली एक सोय करून ठेवली होती," ती म्हणाली. "आढी फसली तर असू दे म्हणून."

"झकास," सुबोध म्हणाला. "आणि वर मला बोलताय."

"तुझ्या स्कूटरच्या डिकीत काय आहे ते सांगू का? पेठेतल्या बियाणांच्या दुकानातली, द्राक्षांना रंग आणायच्या फवारणीची बाटली. मी बघितली."

"ती अजून उघडलेली नाहीये मामी."

बाळ मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "म्हणजे माझ्या वेलीवर तुम्ही सगळ्यांनी मिळून खोटी फळं लावलीत. खरं लागेल असं कुणाला वाटलंच नाही." मग कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "वनमाला, तिला सांग, आगळाचे डाग साबणाने जात नाहीत. नखांना लिंबू चोळ म्हणावं."

वनमालाने निरोप पोचवला नाही. कुंदाने दोन्ही हात पदराखाली घेतले. रोजच्या वाटेवर अचानक विहीर निघावी, तसा सुबोध आईकडे बघत राहिला.

तेव्हा गार्गीने हात वर केला. चोवीस वर्षांची, एमएस्सी झालेली, अंधेरीच्या प्रयोगशाळेत कामाला लागलेली मुलगी. पण घरात काही अवघड सांगायचं असलं की ती अजून वर्गात असल्यासारखा हात वर करी. द्राक्ष पिकतं म्हणजे त्याच्या पेशींत नेमकं काय होतं, हाच तिचा अभ्यास होता. घरातल्या वेलीवर इतकं रामायण चालू असताना तिने दुसरा विषय घेतला असता तरच नवल.

"आजोबा, मी वेलीचं एक पान तपासायला नेलं होतं. गुरुवारी निकाल आला."

"आणि आज सांगतेस?"

"तुम्ही रोज चष्मा पुसून घड बघत होतात. मला जमेना." ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली. "ही वेल काळी होणार नाही. कधीच नाही होणार."

"मुलुंडची हवा दमट आहे. हवा बदलली तर…"

"हवेचं काही नाही हो. द्राक्ष पिकायला लागतं तेव्हा त्याच्या आत एकामागून एक बटणं दाबली जातात. मऊ व्हायचं बटण, साखर भरायचं बटण, आंबटपणा उतरवायचं बटण. सालीत रंग भरायचं बटण निराळं असतं. आपल्या वेलीत तेही आहे, पण त्याच्यासमोर लोखंडी कपाट येऊन बसलंय."

"कसलं कपाट?" वनमालाने विचारलं. सकाळपासून कपाटांशिवाय दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे तिला हे कळत होतं.

"डीएनएचा एक लांबलचक तुकडा. फार फार पूर्वी, कुठल्या तरी पूर्वज वेलीत, दुसरीकडून उडी मारून तो नेमका रंगाच्या जीनपुढे जाऊन पडला. जीन शाबूत आहे, पण ते चालूच होत नाही. वेलीत त्या जीनच्या दोन प्रती असतात. एकीत जरी जागा मोकळी असती तरी द्राक्षं काळी झाली असती. हिच्यात दोन्हीकडे कपाट आहे. बाजारातली बहुतेक हिरवी द्राक्षं याच कारणाने हिरवी असतात."

"म्हणजे पागडीचा भाडेकरू," सुबोध म्हणाला. "दारात बसलाय, उठत नाही."

"भीमराज खोटं बोलणारा माणूस नव्हता," बाळ म्हणाला.

"नसतीलच. नुसत्या काडीवरून रंग कळत नाही, आजोबा. जुडीत एखादी दुसरी काडी आली असेल."

बाळने वेलीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांची छाटणी, शेणखत, कुंपणाच्या तारा, सोसायटीच्या पाच सभांमधले ठराव, सगळं त्याच्या तोंडावरून सरकत गेलेलं कुंदाला दिसलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तिला पंखा लावून त्याला आत निजवावंसं वाटलं.

"आणि दुसरं," गार्गी म्हणाली. "ऐकताय ना? काळी होणार नाहीत, पण पिकतात. दरवर्षी पिकली असती. तुम्ही पिकू दिली नाहीत."

"आढीत घालत होतो की."

"आढी आंब्याला. आंबा तोडला तरी आतून वायू सोडत राहतो आणि स्वतःला पिकवतो. द्राक्षाला ते जमत नाही. वेलीवरून तोडलं की ते जिथवर आलं असेल तिथेच थांबतं. तुम्ही ते अर्ध्या वाटेवर उतरवून गवतात वाळवत होतात."

वनमाला पदराने तोंड झाकून हसली की काय झालं, कळलं नाही.

गार्गी उठली आणि पाण्याच्या पाइपामागे हात घालून तिने वेलीवरच कागदी पिशवी बांधून ठेवलेला एक घड उघडा केला. रंग हिरवाच, पण कडेने मधासारखी झाक आलेली, आणि ऊन पडलं की आतली बी दिसावी इतकी साल पातळ. एक मणी चिरडून तिने रसाचा थेंब खिशातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर घातला आणि ती उजेडाकडे धरली.

"साखर एकोणीस टक्के," ती म्हणाली. "म्हणजे पूर्ण पिकलीत. हा घड मी तुमच्यापासून लपवला होता."

पुढचं सगळं वनमालाने केलं. अकरा वर्षं शब्द वाहून नेणाऱ्या बाईला शब्द कुठे वाकतो ते बरोबर कळतं.

"मग झालंच की," ती म्हणाली. "अक्का काय म्हणाल्या होत्या? तुझी द्राक्षं पिकली की बोलेन. पिकली ना?"

"अगदी बरोबर," सुबोध तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांपूर्वी ते एकमेकांच्या डिक्या उघडत होते. "पिकली असंच म्हणाली होती आई. मी तिथेच होतो."

"तू तेव्हा ऑफिसात होतास," बाळ म्हणाला. "ती 'काळी' म्हणाली होती. काळी झाली की बोलेन."

"आजोबा," गार्गी दबक्या आवाजात म्हणाली, "पिकली म्हणाली असेल."

"काळी. मी समोर उभा होतो. उगाच तिच्या तोंडी नसलेला शब्द घालू नका."

तिघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं, जणू खाली उतरायला शिडी लावून दिली तर हा माणूस वरूनच भांडतोय. पण कुंदाला माहीत होतं की तो बरोबर बोलतोय. ती काळीच म्हणाली होती, आणि तो शब्द तिने निवडून घेतला होता. कुठलीही वेल कधी ना कधी पिकेल, हे कढीपत्त्याच्या ओल्या खोडावर हात ठेवलेला असतानाही तिला समजत होतं. 'पिकली' म्हटलं तर वर्षा-दोन वर्षांत बोलावं लागलं असतं. म्हणून 'काळी'. मुलुंडमध्ये काळं द्राक्ष लागणार नाही याबद्दल तिला तेव्हा जितकी खात्री होती, तितकी प्रयोगशाळेलाही परवाच्या गुरुवारपर्यंत नव्हती. तो शब्द बाळने अकरा वर्षं जसाच्या तसा सांभाळला होता. त्याची कड घासली नव्हती, त्याचा फायदा घेतला नव्हता. आणि आता सगळं घर त्याला सोडवायला आलं तरी तो तिचा शब्द तिच्याच बाजूने राखत होता.

मूर्ख माणूस, तिला वाटलं. लहानपणी लपाछपीत राज्य आलं की हा शंभरपर्यंत खरोखर मोजायचा.

तिने पदराखालून हात काढले.

"पिकली म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

सवयीने वनमालाचं तोंड उघडलं. "अहो, अक्का म्हणतात की…" आणि ते तसंच उघडं राहिलं, कारण कुंदा तिच्याकडे बघतच नव्हती.

बाळ खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या आणि कुंदाच्या मध्ये फक्त तो घड होता.

"काळी," तो म्हणाला.

"पिकली, बाळ्या."

"काळी म्हटलंस गो. अख्ख्या बिल्डिंगीन ऐकलेला."

"मी काय म्हटलंय तां तू माका शिकवतंस?" घरातली मालवणी इतक्या दिवसांनी घशातून निघाली तेव्हा तिची तिलाच जरा खरखरीत वाटली.

"पिकली म्हटलेलंस, तर द्राक्षां दरवर्षी पिकणारीच होती. गार्गी सांगता ना. मगे अकरा वर्षां बोलूक नाय, ती चूक कोणाची?"

सुबोधने डोळे मिटून घेतले. वनमालाने गार्गीचा दंड धरला.

"तुझी," कुंदा म्हणाली. "पिकाक दिलंस खय? तोडून आढीत घालीत होतंस."

बाळने तो हिशेब मनात एकदा पुढून केला, एकदा मागून केला. दोन्हीकडून तो तिच्याच दारात येऊन थांबत होता.

"आढी काय मी एकट्यान घातली?" तो शेवटी म्हणाला. "वनमालान…"

"मला मध्ये घेऊ नका," वनमाला म्हणाली, आणि गार्गीला ओढत आत निघून गेली. सुबोध क्षणभर घुटमळला. आपल्याला कुणी काही सांगायला सांगेल म्हणून त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणी काही सांगितलं नाही. मग तोही गेला.

मांडवाखाली दोघंच राहिली. पलीकडच्या विंगेत कुणीतरी भिंतीतला खिळा उपटत होतं. कुंदाने हात पुढे करून घडाच्या टोकाचा एक मणी तोडला आणि तोंडात टाकला.

"आंबट आसा," ती म्हणाली.

"टोकाचो मणी आंबटच असतलो. वरचो घे, देठाकडचो."

कुंदाने टाचा उंचावून पाहिल्या.

"माझो हात पावणा नाय."

बाळने पाय घट्ट रोवले आणि वेलीत हात घातला.